सामन्याला दहा मिनिटं: फ्रँक कमिन्स्कीची बाकावरची दोन वर्षं

उंची सात फूट. वय विशीला टेकलेलं. कॉलेजची दोन वर्षं संपत आलेली. पहिल्या मोसमात सामन्यामागे १.८ गुण, दुसऱ्यात ४.२. मैदानावर मिळालेली मिनिटं आधी सरासरी ७.७, मग १०.३. अमेरिकन कॉलेजचा बास्केटबॉल सामना चाळीस मिनिटांचा असतो. म्हणजे उरलेला अर्धा तास हा मुलगा लांबलचक पाय कसेबसे दुमडून बाकावर.

काळ मार्च २०१३चा, संघ मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचा. राष्ट्रीय स्पर्धेत पाचवं मानांकन घेऊन गेलेला हा संघ पहिल्याच सामन्यात बाराव्या मानांकनाच्या ओल मिसकडून (मिसिसिपी विद्यापीठ) ५७-४६ असा हरून परत आलाय. एवढीच माहिती हातात देऊन कुणी मला विचारलं असतं की या मुलाचं पुढे काय होईल, तर मी म्हणालो असतो: उंची आहे म्हणून संघात राहील, मुख्य सेंटर (बास्केटजवळ खेळणारा सगळ्यात उंच गडी) दमला की पाच मिनिटं किल्ला लढवेल, चौथ्या वर्षापर्यंत सहा-सात गुणांवर पोहोचेल आणि डिग्री घेऊन बाहेर पडेल. बहुतेक जण असंच काहीसं म्हणाले असते.

तो मुलगा फ्रँक कमिन्स्की. दोन वर्षांनी, २०१५ साली, नेस्मिथ, वुडन आणि असोसिएटेड प्रेस या तिन्ही पुरस्कारांनी त्याला देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरवलं.

त्याची गोष्ट सांगितली जाते ती बहुधा ‘मेहनतीचं फळ’ या मथळ्याखाली. मेहनत त्याने केलीच. पण घाम गाळणारी पोरं प्रत्येक संघाच्या बाकावर असतात आणि त्यातली बरीचशी चौथ्या वर्षीही तिथेच असतात. म्हणून मला या प्रकरणात दोन वेगळे प्रश्न दिसतात. तो सुधारला नेमका केव्हा? आणि ते लोकांना दिसलं केव्हा? या दोन तारखा एक नाहीत.

रांगेची पद्धत

आपल्याकडे राखीव खेळाडू म्हटलं की बारावा गडी आठवतो: पाण्याच्या बाटल्या आणायच्या, कुणाचा पाय मुरगळला तर क्षेत्ररक्षणाला उभं राहायचं, बॅट हातात येणार नाही. बास्केटबॉलमधला राखीव तसा नसतो. बदल्या कितीही करता येतात आणि बाहेर गेलेला पुन्हा आत येतो. त्यामुळे सातवा-आठवा खेळाडू जवळजवळ प्रत्येक सामन्यात थोडा तरी खेळतो. त्याच्या बाबतीत ‘संघात आहे का’ हे विचारून फारसं काही कळत नाही. विचारायचं असतं ते ‘किती मिनिटं’ आणि ‘कुठली मिनिटं’.

विस्कॉन्सिनमध्ये ही मिनिटं वाटायची बो रायन यांची एक ठरलेली रीत होती. २००१ साली ते तिथे मुख्य कोच झाले. त्याआधी प्लॅटव्हिल या छोट्या कॉलेजला त्यांनी डिव्हिजन थ्रीची (कॉलेज खेळांची तिसरी पातळी) चार राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली होती. एका वर्षात एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, उडी मारणारी बडी पोरं त्यांच्याकडे येत नसत, आणि त्याचं त्यांना फारसं दुःखही नसावं. त्यांच्याकडे यायची ती तीन ताऱ्यांची (शाळकरी खेळाडूंना पाचपैकी तारे देतात, त्यातली मधली) पोरं, शेजारच्या राज्यांतली, चार वर्षं थांबायची तयारी असलेली. नवा आला की रांगेत उभा राहायचा.

ही रांग खरोखर पुढे सरकायची. जॉन लूअर २००७-०८ मध्ये पहिल्या वर्षाला होता तेव्हा त्याची सरासरी २.९ गुणांची होती. मग ८.८, मग १५.४ आणि चौथ्या वर्षी १८.३. तो बाहेर पडला आणि एनबीएत निवडला गेला. त्याच्यामागे जॅरेड बर्ग्रेन होता. लूअरच्या शेवटच्या मोसमात त्याचे गुण २.४, लूअर गेल्यावर पुढच्याच वर्षी १०.५. बर्ग्रेनच्या मागे, २०११ च्या शरदात इलिनॉयहून आलेला कमिन्स्की.

म्हणजे २०१३ मध्ये आपण फक्त कमिन्स्कीकडे बघत बसलो असतो तर चुकलो असतो. त्याच्या पुढे कोण उभं आहे आणि ते कधी जाणार, हे बघायला हवं होतं. बर्ग्रेन, रायन एव्हन्स आणि माइक ब्रुझविट्झ, पुढच्या फळीतले तिघेही, त्याच वसंतात डिग्री घेऊन निघाले. एका फटक्यात बास्केटजवळची जवळजवळ सगळी मिनिटं रिकामी झाली.

अर्थात रांग निमूट सरकते असंही नव्हतं. २०१२ मध्ये विस्कॉन्सिनच्याच शबॉयगन गावचा सॅम डेकर आला, कमिन्स्कीपेक्षा एक वर्ष मागे, आणि पहिल्याच मोसमात ९.६ गुण काढू लागला. धाकटा येऊन पुढे निघून गेलाय आणि आपण अजून दहा मिनिटांत अडकलोय, ही अवस्था ज्याने आंतरमहाविद्यालयीन संघात दोन वर्षं नुसता ट्रॅकसूट घालून काढली आहेत त्याला वेगळी समजावून सांगायला नको. (मी काढली आहेत. माझ्या बाबतीत कोचचा निर्णय बरोबर होता, तो भाग वेगळा.)

त्रैराशिक

आता आकड्यांकडे. चार वर्षांची सामन्यामागची सरासरी: १.८, ४.२, १३.९, १८.८. ही रांग बघितली की नजर तिसऱ्या आकड्यावर अडखळते. ४.२ वरून १३.९! एका उन्हाळ्यात असं काय खाल्लं या पोराने? तेव्हाच्या बातम्यांचा सूरही साधारण असाच होता, आणि ‘फ्रँक द टँक’ हे टोपणनाव गाजलं ते याच झेपेनंतर.

पण मिनिटंही सोबत ठेवा: ७.७, १०.३, २७.२, ३३.६. शाळेतलं त्रैराशिक लावा. इतक्या मिनिटांत इतके गुण, तर पूर्ण चाळीस मिनिटांत किती? पहिल्या वर्षी ९.४ येतात. दुसऱ्या वर्षी १६.३. तिसऱ्या वर्षी २०.४ आणि चौथ्या वर्षी २२.४.

झेप सरकली. पहिल्या वर्षाकडून दुसऱ्याकडे जाताना जवळपास सात गुणांची वाढ, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे चार, तिसऱ्याकडून चौथ्याकडे दोन. सगळ्यात मोठी सुधारणा झाली ती तो बाकावर असताना, ज्या वर्षी त्याच्या नावापुढे ४.२ एवढंच लिहिलं गेलं.

अजून एक हिशेब करून बघू. समजा २०१३ च्या उन्हाळ्यात तो काडीचाही सुधारला नसता, दुसऱ्या वर्षाच्याच वेगाने खेळला असता आणि फक्त मिनिटं २७.२ झाली असती. तर सरासरी आली असती ११.१. प्रत्यक्षात आली १३.९. म्हणजे लोकांना जी ९.७ गुणांची झेप दिसली, तिच्यातले जवळपास सात गुण नुसत्या वेळेने आणले. उरलेले पावणेतीन काय ते त्या उन्हाळ्याचे.

आणि हे आकडे विस्कॉन्सिनचे आहेत हेही विसरू नका. तेव्हा कॉलेजमध्ये शॉट क्लॉक (एका चढाईत चेंडू टाकायला मिळणारा वेळ) ३५ सेकंदांचा होता (तो ३० वर आला २०१५-१६ पासून) आणि रायन यांचा संघ त्यातला शेवटचा सेकंद संपवल्याशिवाय घाई करायचा नाही. देशातल्या संथ संघांपैकी तो एक. सामन्यात चढायाच कमी, त्यामुळे सगळ्यांचेच आकडे थोडे दबलेले. वेगाने पळणाऱ्या एखाद्या संघात तेच ४.२ कदाचित ५ दिसले असते आणि कुणाच्या तरी भुवया उंचावल्या असत्या.

इथे थोडं थांबून उलट बाजू मांडतो, नाहीतर हे त्रैराशिक म्हणजे जादूची कांडी वाटायची. दुसऱ्या वर्षी तो खेळला एकूण तीनशे-सव्वातीनशे मिनिटं. म्हणजे आठ पूर्ण सामन्यांइतका खेळ. आठ सामन्यांवरून कुणाचं नेमबाजीचं मोजमाप करायला मी तयार होणार नाही. चार-पाच चेंडू रिंगवर नाचून आत पडले की सरासरी बदलते. शिवाय बाकावरच्या खेळाडूची मिनिटं बहुतेकदा स्वस्तातली असतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दुबळे पाहुणे संघ येतात, निकाल लागलेला असतो, समोरही त्यांचे राखीव असतात. अशा मिनिटांत काढलेले गुण मोठ्या सामन्यात तसेच येतील याची हमी नसते. मिनिटं तिप्पट झाली की दम लागतो, प्रतिस्पर्धी तुमचा व्हिडिओ बघून येतात, आणि बहुतेकांचा दर खाली येतो.

कमिन्स्कीचा दर मिनिटं वाढल्यावरही चढला. त्याच्या प्रकरणात विरळा काही असेल तर ते हे. मार्च २०१३ मध्ये हे कुणाला सांगता आलं नसतं. तेव्हा फक्त इतकं म्हणता आलं असतं: पहिल्या वर्षी काहीच नव्हतं, दुसऱ्या वर्षी काहीतरी आहे, मिनिटं देऊन बघायला हरकत नाही.

काय बदललं

सात फुटी मुलगा म्हटला की जुन्या शिरस्त्याप्रमाणे त्याला बास्केटखाली उभं करतात. पाठ बास्केटकडे, मागे कुणीतरी दांडगा धक्के देतोय, चेंडू आला की वळून टाकायचा. हलक्या अंगाच्या, पायांनी जरा संथ असलेल्या अठरा वर्षांच्या पोराची तिथे चटणी होते. कमिन्स्की सुरुवातीला अंगाने तसाच होता.

रायन यांची आक्रमणाची पद्धत ‘स्विंग’ नावाने ओळखली जाते. पाचही जण सतत जागा बदलतात, चेंडू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरत राहतो. त्यात गार्डलाही (एरवी बाहेरून चेंडू खेळवणारा, त्यामानाने बुटका गडी) बास्केटजवळ पाठ देऊन खेळता आलं पाहिजे आणि सेंटरलाही बाहेर येऊन थ्री पॉइंटर (कमानीबाहेरून टाकलेला तीन गुणांचा चेंडू) टाकता आला पाहिजे. या पद्धतीत कमिन्स्कीचं कमी असलेलं अंग झाकलं गेलं आणि हात उपयोगी पडला. तो कमानीच्या माथ्यावर उभा राहायचा. त्याला अडवणारा समोरचा उंच सेंटर आपली नेहमीची जागा सोडून वीसेक फूट बाहेर यायचा. आला नाही तर कमिन्स्की चेंडू टाकणार. आला तर तो नुसता हात वर करून टाकल्याचं सोंग करणार, समोरचा हवेत गेला की शेजारून एक-दोन ड्रिबल, आणि मग बास्केटजवळ ते त्याचं सावकाश, जवळजवळ आळशी वाटणारं फूटवर्क. वेग नव्हता त्याच्याकडे. समोरच्याचा वेग वाया घालवायची युक्ती होती.

पण ही युक्ती एका अटीवर चालते. तुमच्या नेमाची समोरच्याला भीती वाटली पाहिजे. दुसऱ्या वर्षी त्याचे थ्री पॉइंटर पडायचं प्रमाण तिशीच्या आसपास होतं. तेवढ्यासाठी कुणी उडी मारत नाही. तिसऱ्या वर्षी ते ३७.८ टक्के झालं आणि चौथ्या वर्षी ४१.६. एकूण नेमबाजी ५२.८ आणि मग ५४.७ टक्के. बाहेरचा नेम सुधारला म्हणून आतला रस्ता उघडला. दोन वेगळी कौशल्यं वाढली असं नव्हे, एकाने दुसऱ्याला ओढत नेलं. बाकावरच्या कुठल्याही उंच पोराला पहिल्यांदा काय घोटवावं असं मला विचाराल तर मी हेच सांगेन, कारण नेम हा एकटं जिममध्ये उभं राहून, कोचने मिनिटं न देताही वाढवता येणारा भाग आहे. बचावात कुणी कुठे सरकायचं, मदतीला कधी धावायचं, हे मात्र खऱ्या सामन्याशिवाय अंगात मुरत नाही. बाकावर बसून शिकण्याची मर्यादा इथे येते.

वेळेचा हिशेबही बघण्यासारखा आहे. एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या नियमाप्रमाणे मोसम चालू असताना कोचला खेळाडूकडून आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास घेता येतात, आणि त्यातला मोठा भाग पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या तयारीत जातो. राखीव खेळाडू तर सरावात बऱ्याचदा प्रतिस्पर्ध्याच्या खेळाडूची नक्कल करत असतो. स्वतःचा खेळ घडवायचा तो उन्हाळ्यात. पूर्वी उन्हाळ्यात कोचला खेळाडूंबरोबर मैदानावर काम करायची मुभा नव्हती. २०१२ च्या उन्हाळ्यापासून एनसीएएने आठ आठवडे, आठवड्याला आठ तास आणि त्यातले दोन कौशल्याच्या सरावासाठी, अशी परवानगी दिली. कमिन्स्कीचा पहिल्या आणि दुसऱ्या वर्षामधला उन्हाळा नेमका तो. याच्यामुळेच तो सुधारला असं म्हणणं धाडसाचं होईल, पण दर ९.४ वरून १६.३ वर गेला तो याच उन्हाळ्यानंतर.

पुढच्या उन्हाळ्यात, ऑगस्ट २०१३ मध्ये, संघ कॅनडाच्या दौऱ्यावर गेला. परदेश दौरा चार वर्षांतून एकदाच करता येतो आणि त्याच्या तयारीसाठी दहा जादा सराव मिळतात. तिथे विस्कॉन्सिन कार्लटन विद्यापीठाकडून हरलं. अमेरिकन बडं विद्यापीठ कॅनडातल्या संघाकडून हरतं ही तशी लाजेची बाब. पण सीनियर गेल्यावर कोण कुठे उभं राहणार हे ठरवायला ऑगस्टमधली हार जानेवारीतल्या विजयापेक्षा जास्त कामाला येते.

तिसरं वर्ष

१९ नोव्हेंबर २०१३, विस्कॉन्सिनचं घरचं मैदान कोल सेंटर, समोर नॉर्थ डकोटा. कमिन्स्कीने ४३ गुण काढले. मैदानी १९ प्रयत्नांपैकी १६ आत, थ्री पॉइंटर सहापैकी सहा. विद्यापीठाचा एका सामन्यातला विक्रम ४२ गुणांचा होता आणि तो मोडणारा मुलगा आठ महिन्यांपूर्वी सामन्याला चार गुण काढत होता. समोरचा संघ तगडा नव्हता हे खरं. पण त्याच महिन्यात विस्कॉन्सिनने फ्लोरिडालाही ५९-५३ हरवलं होतं, आणि तो फ्लोरिडाचा संघ पुढे अंतिम चारांत पोहोचला.

संघ १६-० झाला, म्हणजे सोळा विजय, हार एकही नाही. मग पुढच्या सहापैकी पाच सामने हरला. हा भाग प्रेरणादायी भाषणांतून नेहमी गळतो. जानेवारीत बिग टेनमधल्या, म्हणजे विस्कॉन्सिन ज्या गटात खेळतं त्यातल्या, संघांनी व्हिडिओ बघून गृहपाठ केला होता. सुधारणेची रेघ कागदावर चार ठिपके जोडून काढली की सरळ वर जाताना दिसते; जवळ जाऊन बघितलं तर तिच्यात असे खड्डे असतात. त्या तीन आठवड्यांत कुणी निकाल लावला असता तर पुन्हा ‘नोव्हेंबरचा हिरो’ म्हणून मोकळा झाला असता.

२९ मार्च २०१४, अ‍ॅनाहाइम, ॲरिझोनाविरुद्ध. जिंकलं तर अंतिम चार, जिथे रायन इतक्या वर्षांत कधीच पोहोचले नव्हते. जादा वेळेत ६४-६३. संथ, रडतखडत चाललेल्या त्या सामन्यात संघाच्या ६४ पैकी २८ गुण कमिन्स्कीचे, वर ११ रिबाउंड (नेम चुकून परत आलेले चेंडू पकडणं). आठवड्याने उपांत्य फेरीत केंटकीकडून ७४-७३ हार; शेवटच्या काही सेकंदांत अ‍ॅरन हॅरिसनने टाकलेला थ्री पॉइंटर. त्या दिवशी कमिन्स्कीचे गुण फक्त ८.

एनबीएचं दार तेव्हाच किलकिलं झालं होतं. तो गेला नाही, चौथ्या वर्षासाठी परतला.

चौथ्या वर्षाबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यात कोडं असं काही उरलेलं नाही. ३६ विजय, ४ पराभव. त्याचं मोल मोजायला एकच सामना पुरे: ११ जानेवारी २०१५ ला डोक्याला मार लागल्याने तो खेळला नाही, त्या मोसमातला त्याचा हुकलेला एकमेव सामना, आणि विस्कॉन्सिन रटगर्सकडून ६७-६२ हरलं. रटगर्स त्या वर्षी बिग टेनमध्ये अठरापैकी दोन सामने जिंकलं. त्यातला एक हा.

४ एप्रिलला इंडियानापोलिसला उपांत्य फेरीत पुन्हा केंटकी, यावेळी ३८-० अशा अजिंक्य थाटात आलेली, जिच्या पुढच्या फळीत कार्ल-अँथनी टाउन्स होता. आपल्याकडे रविवारची सकाळ. विस्कॉन्सिन ७१-६४ जिंकलं; कमिन्स्की २० गुण, ११ रिबाउंड. त्या दिवशी त्याचा बाविसावा वाढदिवस होता. अंतिम सामन्याकडे जरा वेळाने येतो.

हे सगळ्यांना लागू पडतं का

नाही. आणि ज्या कोणाचा मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत एखाद्या कॉलेज संघाच्या बाकावर बसली आहे त्यांनी हे प्रकरण वाचून लगेच वुडन करंडकासाठी शोकेस करायला टाकू नये. आपण कमिन्स्की निवडला कारण तो वर आला. न आलेल्यांची प्रकरणं कुणी लिहीत नाही.

त्याच विद्यापीठाचा, त्याच कोचच्या हाताखालचा ग्रेग स्टिम्स्मा घ्या. उंच सेंटर, २००८ ला बाहेर पडला. तोही रांगेत उभा होता, पण कॉलेजात संघाचा मुख्य आधार कधी झाला नाही. एनबीएच्या निवडीत नाव आलं नाही. मग तीन वर्षं इकडेतिकडे खेळून २०११-१२ मध्ये तो बॉस्टन सेल्टिक्सच्या संघात दिसला, चेंडू अडवणारा राखीव सेंटर म्हणून. त्याला काय म्हणायचं? गुणांच्या तक्त्यात त्याची सुधारणा कधीच उमटली नाही, तरी एनबीएने त्याला पगार दिला. ‘सुधारणा’ म्हणजे जास्त गुण, असं आपण फार सहज धरून चालतो. एखादं काम इतकं चोख करायचं की त्या कामासाठी तुलाच बोलवावं लागेल, हीही एक वाट आहे आणि बाकावरच्या बहुतेकांसाठी तीच जवळची.

दुसरी अडचण काळाची. कमिन्स्कीच्या वेळी विद्यापीठ बदललं तर एक पूर्ण मोसम बाहेर बसावं लागायचं. त्यामुळे १.८ गुणांवर अडकलेला पोरगाही ‘राहू दे, सीनियर जातीलच’ म्हणून थांबायचा. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल (विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी) आलं, २०२१ मध्ये बाहेर न बसता संघ बदलायची मुभा आली, आणि त्याच वर्षी जुलैपासून खेळाडूंना नावावर पैसे कमावता येऊ लागले. आता दोन्हीकडून धीर सुटतो. पोराला वाटतं दुसरीकडे मिनिटं मिळतील. कोचला वाटतं, याला दोन वर्षं घडवण्यापेक्षा बाजारातून तयार बावीस वर्षांचा आणू. मी जुन्या पद्धतीचे गोडवे गाणार नाही, कारण त्या नियमाने कित्येकांना नको त्या जागी अडकवूनही ठेवलं होतं. पण रांग मोडली आहे हे खरं. आज बाकावरच्या मुलाने स्वतःला विचारायचे प्रश्न थोडे बदलतील: माझ्या जागेवरचा पुढचा माणूस कधी जातोय, आणि तो गेल्यावर ती जागा मला मिळणार आहे की पोर्टलवरच्या कुणाला? इथली पद्धत माझ्या हाताला जमणारी आहे का? मागच्या वर्षीच्या तुलनेत माझा मिनिटामागचा हिशेब हलला आहे का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर विद्यापीठ बदलून पहिली दोन उत्तरं सुधारतील, तिसरं सुधारेलच असं नाही.

कमिन्स्की स्वतःही पुन्हा बाकावर बसला. २०१५ च्या निवडीत शार्लट हॉर्नेट्सने त्याला नववा उचलला आणि पहिल्या मोसमात तो बहुतेक सामने राखीव म्हणूनच खेळला. २१ मिनिटं, ७.५ गुण. पुढच्या वर्षी ११.७. तिथून तो फारसा वर गेला नाही. संथ पायांनी समोरच्याला चकवायची युक्ती बिग टेनमध्ये चालली तशी तिथे रोज चालली नाही. विस्कॉन्सिनने २०१८ मध्ये त्याचा ४४ क्रमांक कायमचा निवृत्त केला, आणि तेव्हा तो शार्लटमध्ये बहुतेक सामने राखीव म्हणूनच खेळत होता.

आता तो अंतिम सामना. ६ एप्रिल २०१५, समोर ड्यूक. दुसऱ्या सत्रात विस्कॉन्सिन ४८-३९ असं पुढे होतं. कमिन्स्की जोरात होता. शेवटी त्याच्या नावावर २१ गुण आणि १२ रिबाउंड लागले. ड्यूकचे नावाजलेले पहिल्या वर्षाचे खेळाडू, जाहलिल ओकाफोर आणि जस्टिस विन्स्लो, फाउलच्या अडचणीत सापडलेले (पाच फाउल झाले की खेळाडू बाद). इथे ड्यूकच्या बाकावरून ग्रेसन अ‍ॅलन नावाचा पोरगा उठला आणि थोड्याच वेळात लागोपाठ आठ गुण करून गेला. तिथून सामना फिरला तो फिरलाच. ६८-६३. अ‍ॅलनचे एकूण १६ गुण.

तो पहिल्या वर्षाला होता. जानेवारीत संघातला एक खेळाडू बाहेर पडल्यावर त्याला जरा बरी संधी मिळू लागली होती. त्या मोसमातली त्याची सरासरी: ९.२ मिनिटं, ४.४ गुण. चाळीस मिनिटांचं त्रैराशिक केलं तर १९.१. पुढच्या वर्षी त्याला छत्तीसहून जास्त मिनिटं मिळाली आणि त्याने सामन्यामागे २१.६ गुण काढले.